माणशी एक गॅलन

डेन्व्हरला लेकीच्या गॅरेजमध्ये जावई सारंगराव पाण्याचे कॅन मोजत होते आणि आमचे हे त्यांच्याकडे, बिलात एक शून्य जास्त लावणाऱ्या ठेकेदाराकडे बघावं तसे बघत होते.

"माणशी रोज एक गॅलन," जावई म्हणाले. "पाच माणसं, चार दिवस. वीस गॅलन."

"लिटर सांगा."

"शहात्तर होतील, बाबा."

ह्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "आंघोळीसकट?"

"छे, नुसतं प्यायला. आंघोळ परत आल्यावर."

"म्हणजे अंगाला थेंब नाही आणि पोटात शहात्तर लिटर," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळून हळूच पुटपुटले, "पोरगं शिकलेलं आहे ना नक्की?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी सांगलीची आणि हे आटपाडीचे. जिल्हा एकच, पण माझ्या माहेरी पाण्याची भीती आणि ह्यांच्या घरी पाण्याची वाट. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना "कसं काय" असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती फूट?" असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माझा भाऊ गच्चीवर बसून फोनवरून मला पायऱ्या मोजून सांगत होता. उलट आटपाडी म्हणजे माणदेश. माझ्या सासूबाई भाजी धुतलेलं पाणी म्हशीला घालायच्या आणि हात धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. आमचं लग्न ठरलं तेव्हा आजीने मुलाचा पगार विचारला नाही, रंग विचारला नाही. "तिकडं पाणी आहे का गं?" एवढंच विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

पुढे ह्यांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीकडे आणलं, त्या दिवशी हे कालव्याच्या काठावर उभे राहून ढसाढसा रडले. लेकीच्या पाठवणीला रडले नव्हते. अजूनही आमच्या घरी पाहुण्याला पेला अर्धाच मिळतो. "लागलं तर परत मागा," असं वर सांगतात. मागायचं धाडस कुणी करत नाही.

मी भूगोलाची बाई. वर्षाला पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंट, हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण वाळवंट डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे आमची लेक मुग्धा म्हणाली, "आई, ऑक्टोबरात युटाच्या वाळवंटात जाऊया, मोआबला. सायकलिंग, हायकिंग, तंबूत मुक्काम," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हे म्हणाले, "पाऊस किती पडतो तिथं?"

"वर्षाला नऊ इंच."

"आमच्याकडं याच्या दुप्पट पडतो, आणि आम्ही टँकर मागतो. हे लोक तिकीट लावतात?"

निघायच्या आदल्या रात्री सारंगरावांनी आम्हाला "१२७ अवर्स" दाखवला. संगीत ए. आर. रहमानचं आहे म्हणून आम्ही भक्तिभावाने बसलो. २००३ साली युटाच्याच एका अरुंद घळीत ॲरन राल्स्टन नावाच्या तरुणाचा हात दगडाखाली अडकला आणि पाच दिवसांनी त्याने स्वतःच तो हात कापून सुटका करून घेतली, त्याची ही खरी गोष्ट. सहलीच्या आदल्या रात्री सासूसासऱ्यांना हा चित्रपट दाखवणाऱ्या जावयाच्या मनात नेमकं काय असेल, यावर मी बराच वेळ जागी होते. हे मात्र शांत होते. "त्याचं पाणी संपलं ते चुकलं," एवढंच म्हणाले. "पहिल्याच दिवशी जास्त प्याला."

पाण्यावरून एक चकमक डेन्व्हरमध्ये आधीच झाली होती. पन्हाळीतून पावसाचं पाणी गटारात जाताना ह्यांनी पाहिलं आणि मुग्धाला विचारलं, खाली पिंप का ठेवत नाही? ती म्हणाली, बाबा, कोलोरॅडोत २०१६ सालापर्यंत घराच्या छपरावरचं पाणी पिंपात धरायला बंदीच होती. आता दोन पिंपं चालतात, दोन्ही मिळून एकशे दहा गॅलनपर्यंत, आणि तेही बागेलाच. ह्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण तिथला कायदा खरोखरच असा आहे. ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधी. तुमच्या कौलावर पडणारा थेंब खाली कुठल्यातरी शेतकऱ्याच्या नावे शंभर वर्षांपूर्वीच लागलेला असतो. हे त्या रात्री जेवले नाहीत नीट. "ढग आमच्यावर फुटायचा आणि सातबारा दुसऱ्याचा," असं दोनदा म्हणाले.

डेन्व्हर ते मोआब साधारण साडेतीनशे मैल. रस्त्याचं वर्णन मी करत नाही, कारण रस्ता चांगला होता आणि चांगल्या रस्त्याबद्दल मराठी माणसाला बोलायला काही नसतं. अकरा हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो ओलांडला की पाणलोट बदलतो. अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे, पलीकडचं कोलोरॅडो नदीत. बोगदा संपल्यावर डिलन नावाचा मोठा जलाशय दिसला. सारंगराव सहज म्हणाले, "डेन्व्हरला इथलंच पाणी येतं. डोंगराखालून तेवीस मैलांचा बोगदा आहे."

"पश्चिमेचं पाणी पूर्वेला?" हे ताठ बसले. "आम्ही कोयनेचं पूर्वेचं पाणी पश्चिमेला टाकतो, विजेसाठी. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी." मग पुढचे तीस मैल आम्ही कोयनेच्या बोगद्यातून प्रवास केला. ईशान, वय वर्षं नऊ, मागच्या सीटवरून म्हणाला, "आजोबा, टीएमसी म्हणजे टीम का?" ह्यांनी त्याला थाउजंड मिलियन क्युबिक फीट म्हणजे काय ते समजावलं. पोरगं झोपलं.

युटाची हद्द लागली की हिरवा रंग संपतो. मग आम्ही मोठा रस्ता सोडून कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याला लागलो आणि मी गप्प झाले. दोन्ही बाजूंना उभे लाल कडे, मध्ये चहाच्या रंगाची नदी. गेरूने सारवलेल्या भिंती आकाशापर्यंत गेल्या असत्या तर त्या अशा दिसल्या असत्या. पाठ्यपुस्तकात वाळवंटाला एक उंट, एक खजुराचं झाड आणि वाळूच्या तीन लाटा असतात. इथे तिन्हींपैकी काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची माफी मागितली.

मोआब हे पाच हजार वस्तीचं गाव. आपल्याकडे एवढ्या गावात एक एसटी थांबा, दोन वडापावच्या गाड्या आणि तीन पतसंस्था असतात. तिथे प्रत्येक तिसरं दुकान सायकलचं. १९५० च्या दशकात या गावात लोक युरेनियम शोधायला यायचे, आता गुडघे फोडून घ्यायला येतात.

गावाबाहेर खडकाळ पठारावर आमचा तंबू. तिथे पाणी नाही, हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ह्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी पहिल्या संध्याकाळी कॅनचा ताबा घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. ईशानला ब्रश करायला पाऊण पेला. भांडी धुवायला नाहीच. पोळीच्या तुकड्याने ताट पुसा आणि तो तुकडा खा. सारंगराव चकित झाले. या विषयावर म्हणे इथे पुस्तकं मिळतात.

दुसऱ्या दिवशी सायकली. मी विलिंग्डन कॉलेजला सायकलवरून गेलेली बाई. सांगली सपाट, तिथे सायकल न येणं म्हणजे पोहायला न येण्यासारखं. पण भाड्याच्या दुकानात मला जे वाहन दिलं त्याचं टायर माझ्या मनगटाएवढं, त्याला घंटी नाही, चेनला जाळी नाही, कॅरियर नाही. "डबा कुठे ठेवायचा?" मी विचारलं. दुकानातल्या मुलाने ते काहीतरी तांत्रिक असावं असं समजून सीट खाली केली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. शेवटी अंबाडा सोडला, वेणी घातली, ओढणी कमरेला बांधली. मुग्धाने फोटो काढला. तो सांगलीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

सारंगरावांचा जामानिमा वेगळाच. त्यांची सायकलची चड्डी बघून हे म्हणाले, "आत उशी शिवलेली दिसते." खरोखरच शिवलेली होती. पाठीवरच्या पिशवीत पाण्याची रबरी थैली, तिला नळी, नळी खांद्यावरून तोंडाशी. हे थैली हाताने दाबून बघत म्हणाले, "ही पखाल की हो! आमच्या गावात पखाल्या यायचा, रेड्यावर घालून." त्यानंतर चारही दिवस जावयांच्या त्या महागड्या पिशवीला आम्ही पखालच म्हणत होतो, आणि रेडा कोण हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही.

सारंगराव स्लिकरॉकला गेले. ही मोआबची जगप्रसिद्ध सायकलवाट. दहा-एक मैल नुसता उघडा वालुकाश्म, गोठलेल्या लाटांसारखा, आणि त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघा. त्या रेघा १९६९ साली मोटरसायकलवाल्यांसाठी आखल्या होत्या, सायकलवाले नंतर आले. नाव स्लिकरॉक, म्हणजे निसरडा खडक, पण रबरी टायरला तो निसरडा मुळीच नाही, चिकटून बसतो. निसरायचे ते घोड्यांचे लोखंडी नाल. नाव घोड्यांनी ठेवलं आणि आता त्यावर माणसं पडतात. जावई चार तासांनी परत आले ते एक कोपर आणि एक गुडघा सोलून, चेहऱ्यावर मात्र मुंज झालेल्या मुलाचं तेज. मी पर्समधली हळद लावली. ते तीन-तीनदा सांगत होते, "आई, काय मस्त होतं!" रक्त पुसताना मला प्रश्न पडला, की मस्त नसतं तर काय झालं असतं.

आम्ही दोघं, मुग्धा आणि ईशान डांबरी सायकलवाटेने गेलो. गावाच्या टोकाला कोलोरॅडोवर फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी पूल आहे. तो ओलांडून वाट आर्चेस नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत जाते. पहिल्या चढाला माझी जुनी सवय परत आली. सीटवरून उठून पायडल मारायचं आणि ओठ घट्ट मिटायचे. चाळीस वर्षं गेली होती, पण मांड्यांना कुणी ते कळवलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

हे मात्र पुलाच्या मधोमध उतरले ते उतरलेच. कठड्यावर वाकून खाली गढूळ पाणी बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, चला." तर म्हणाले, "हिच्या वाटपाचा करार आहे का?"

मुग्धाने फोनवर शोधून सांगितलं. १९२२ साली सात राज्यांनी बसून ही नदी वाटून घेतली. वरच्या खोऱ्याला पंच्याहत्तर लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला तेवढंच. ह्यांनी तिच्याकडून फोन घेतला, कॅल्क्युलेटर उघडला आणि पुलावर, मागून येणाऱ्या सायकलवाल्यांच्या वाटेत उभं राहून हिशेब केला. "एकेका खोऱ्याला तीनशे सत्तावीस टीएमसी. दोन्ही मिळून साडेसहाशे. अगं, बच्छावत लवादाने कृष्णेचं दोन हजार साठ वाटलं. एकट्या महाराष्ट्राला पाचशे साठ!" त्यांच्या आवाजात कधी नव्हे तो श्रीमंतीचा सूर होता. आयुष्यभर ज्या पाचशे साठला ते अपुरं म्हणत आले, ते त्या पुलावर एकाएकी घसघशीत वाटायला लागलं. "आणि एवढ्याशा पाण्यावर सात राज्यं?"

"पुरत नाही म्हणतात," मुग्धा म्हणाली. "करार केला तेव्हा हाताशी जास्त पावसाच्या वर्षांचे आकडे होते. त्यामुळे नदीत आहे त्यापेक्षा जास्त वाटलं गेलं. आता बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही."

हे कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खात्यातली माणसं सगळीकडं सारखीच." हे त्यांनी इतक्या आपुलकीने म्हटलं, की त्या क्षणापासून अमेरिका त्यांना परकी राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी डेलिकेट आर्च. आर्चेसमध्ये दगडाच्या दोन हजारांहून जास्त कमानी आहेत. मराठीत याला फार नेमका शब्द आहे, नेढं. राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडावर आहे. सुईला असतं तसं डोंगराला भोक. सह्याद्रीत एखादं नेढं असलं तर आपण मुद्दाम वाट वाकडी करून जातो, इथे नेढ्यांचं कारखानदारी उत्पादन. कारण ऐकलं तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आत यायचा, आटायचा, पुन्हा यायचा. तळाशी हजारो फूट जाडीचा मिठाचा थर साठला, त्यावर वाळूचे खडक बसले. मीठ दाबाखाली पिठाच्या गोळ्यासारखं सरकतं. ते सरकलं, वरचे खडक फुगले, चिरले, त्यांच्या पातळ उभ्या भिंती झाल्या. मग पावसाचं पाणी भेगांत शिरून सिमेंट विरघळवत गेलं, थंडीत गोठून फुगलं, आणि भिंतींना भोकं पडली. हे सगळं मी ईशानला चालता चालता सांगितलं. आजोबा मागून ऐकत होते. "म्हणजे हे पाण्याचंच काम," ते समाधानाने म्हणाले. "नऊ इंचात केलं. आमच्याकडं अठरा इंचात एक पाझर तलाव भरत नाही."

वाटेच्या सुरुवातीला एक लाकडी खोपटं आहे, वुल्फ रँच. जॉन वेस्ली वुल्फ नावाचे यादवी युद्धात पायाला जखम झालेले गृहस्थ १८९८ साली ओहायोहून एका मुलाला घेऊन इथे राहायला आले. कोरडी हवा पायाला बरी म्हणून. आठ वर्षांनी त्यांची मुलगी आपल्या नवऱ्या-पोरांसह आली आणि बापाची ती मोडकी झोपडी बघून हादरली. तिने हट्ट धरला, नवी खोली बांधा, खाली लाकडी फळ्या घाला. आज दिसतं ते त्याच मुलीच्या हट्टाचं घर. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मुग्धा बापाकडे बघत होती. "बघा बाबा, तेव्हापासून मुली हेच करतायत." ह्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते तिथल्या ओढ्याला पाणी आहे का ते बघत होते.

दीड मैल जायचं, दीड मैल यायचं, चढ तसा बेताचा. सिंहगड चढलेल्याने हसावं असा. पण सावली नावाला नाही, आणि ऑक्टोबर असूनही ऊन मी म्हणत होतं. माणशी दोन लिटर पाणी घ्या अशी सूचना असते. सारंगरावांनी आम्हा दोघांच्या पाठीवरही एकेक पखाल चढवली. दर दहा मिनिटांनी मुग्धा ओरडायची, "बाबा, प्या!" हे नळी तोंडात धरायचे, मान डोलवायचे. "तहान लागायच्या आधी प्यायचं असतं इथे," जावयांनी सांगितलं. ह्यांचं उत्तर मला ऐकू आलं. "भूक नसताना श्राद्धाला जेवावं तसं."

खडकावर ठिकठिकाणी उथळ खळगे होते, आणि त्यात पाय देऊ नका म्हणून पाट्या. खळग्यांत इवल्या कोळंबीसारख्या जिवांची अंडी असतात, वर्षानुवर्षं कोरडी राहून एका पावसात फुटतात. काळपट खडबडीत मातीवरही पाय द्यायचा नाही. तीही जिवंत असते, आणि मोडली तर भरून यायला दशकं लागतात. खड्डे जपणारं सरकार मी पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणणार होते, पण आपलंही जपतंच की.

शेवटी कड्याला बिलगून जाणारी एक अरुंद वाट आहे. ती वळते आणि वळताक्षणी ते नेढं समोर येतं. त्याआधी वाटेवरून ते दिसत नाही. पन्नासेक फूट उंच, एकटं, खडकाच्या कढईच्या काठावर पाय फाकवून उभं. जगातल्या सगळ्या देशांतली माणसं त्या कढईच्या काठाने नाट्यगृहात बसावीत तशी बसली होती. कमानीखाली फोटोसाठी रांग होती, आणि धक्काबुक्की न करता चालली होती. एक म्हातारी जपानी बाई खाली पोचली तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि वळून बघितलं तर हे खडकाला टेकून बसलेले, चेहरा पांढराफटक.

"अहो?"

"काही नाही. जरा गरगरतंय."

मुग्धा धावली. तिने त्यांच्या पाठीवरची पखाल उतरवली आणि हातात तोलून बघितली. भरलेली. दोन लिटर पाणी घेतलं होतं, दोन लिटर तसंच होतं. सगळ्या वाटेवर ह्यांनी नळी नुसती तोंडात धरली होती.

"बाबा! का?"

"परतीला लागलं तर?"

मार्चअखेर निधी खर्च झाला नाही की वरून ओरडा बसतो, हे ज्यांनी तीस वर्षं अनुभवलं, त्यांनी पाण्याचा निधी मात्र पूर्ण शिल्लक ठेवून आणला होता. मुग्धा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. सिंहगडाच्या पायऱ्यांवर सहा वर्षांची असताना ही रुसून बसायची आणि हे तिला लिंबूपाण्याचं आमिष दाखवायचे, तेव्हाची अदलाबदल मला स्पष्ट दिसत होती. "पाणी पोटात साठवायचं असतं बाबा, पिशवीत नाही. इथे माणसं बाटलीत पाणी असताना आडवी होतात." तिने नळी त्यांच्या तोंडाशी धरली आणि घोट मोजले. वीस झाल्यावर हे म्हणाले, "बस." ती म्हणाली, "अजून." मीठ-साखरेची पुडी ईशानने आणून दिली. पाऊण तासाने चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिलं वाक्य आलं ते असं, "किती उरलं?"

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय, पण लेखात खोटं नको. त्या भागात आडरानात जाताना एक पाकीट बरोबर द्यायची पद्धत आहे. शेजारच्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या आतल्या अनेक वाटांवर तर ते सक्तीचंच. माणसाने जे मागे सोडायचं ते मागे सोडायचं नाही, त्या पाकिटात भरून परत आणायचं. आतल्या पुडीने त्याचा घट्ट गोळा होतो. मुग्धाने ते मला समजावलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. ह्यांनी मात्र पाकिटावरची सगळी माहिती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "पाणी मुळीच लागत नाही?" चार दिवसांत अमेरिकेच्या एका शोधाचं ह्यांनी मनापासून कौतुक केलं, ते हे. आमची पाकिटं न फोडता परत आली, एवढं नोंदवून विषय संपवते.

शेवटच्या दुपारी डेड हॉर्स पॉइंट. नाव ऐकून ईशान खूश. गोष्ट अशी सांगतात, की गुराखी या कड्याच्या टोकावर रानघोडे कोंडायचे, आणि एकदा काही घोडे तसेच राहून गेले. दोन हजार फूट खाली कोलोरॅडो वळणं घेत चालली होती आणि वर घोडे तिच्याकडे बघत तहानेने मेले. हे ऐकून आमच्यात कुणी काही बोललं नाही. ह्यांनी टोपी काढली.

आणि मग त्यांना ती तळी दिसली. लाल-तपकिरी भूमीत मधेच गडद निळे, आखीव चौकोन, कुणी सांडलेल्या शाईसारखे.

"ती काय धरणं?"

मी पाटी वाचली. वाचत असतानाच कळलं, की वाचायला नको होती. नदीचं पाणी जमिनीत जुन्या खाणीत सोडतात. ते पोटॅश विरघळवतं. ते खारं पाणी वर आणून या तळ्यांत ओततात, आणि ऊन जास्त शोषलं जाऊन पाणी लवकर उडावं म्हणून त्यात निळा रंग घालतात.

"काय लवकर व्हावं म्हणून?"

"बाष्पीभवन."

ज्या माणसाने पाझर तलावांतून दर उन्हाळ्यात किती पाणी उडून जातं याचे तक्ते काढण्यात उमर घालवली, ज्याने बाष्पीभवन हा शब्द कायम "घरफोडी" या अर्थाने उच्चारला, त्याला मी हे सांगत होते. घोडे तहानेने मेले त्याच कठड्यावर. हे इतके संतापले, की आटपाडीची भाषा बाहेर आली. "पाण्याला रंग लावत्यात? उडावं म्हणून? ह्यांच्या बाऽनं कधी टँकर बघितला का?" शेजारी उभं असलेलं जर्मन जोडपं दोन पावलं सरकलं.

मी म्हटलं, "अहो, पोटॅश म्हणजे खत. आपल्या तासगावचे द्राक्षवाले घालतात तेच. आणि बेदाण्याच्या शेडमध्ये तरी दुसरं काय करतात? द्राक्षातलं पाणीच उडवतात ना?"

यावर ह्यांना उत्तर सुचलं नाही. छत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पण गाडीत बसल्यावर म्हणाले, "बेदाणा खाता तरी येतो."

परतताना नदीकाठच्या त्याच रस्त्याला लागलो, तर गावाच्या टोकाशी कड्याच्या पायथ्याला नळीतून झरा वाहत होता. मॅट्रिमनी स्प्रिंग, लग्नाचा झरा म्हणा. गावातली माणसं बाटल्या, पिंपं घेऊन ओळीने उभी. इथलं पाणी प्यालेला माणूस मोआबला परत येतोच, असं म्हणतात. पाटी नाही, तिकीट नाही, मीटर नाही. हे न सांगता गाडीतून उतरले. रिकामे कॅन काढले, आणि आटपाडीच्या आडावर उभे राहावेत तसे त्या ओळीत उभे राहिले. पुढच्या दाढीवाल्या पोराने त्यांना हात जोडून नंबर दिला. ह्यांनी ओंजळ धरली आणि पोटभर प्याले. मुग्धाने न सांगता. एक कॅन काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं, आणि साडेतीनशे मैल तो मांडीशी धरून आणला.

आम्ही सांगलीला परतून आता आठ महिने झाले. तो कॅन डेन्व्हरच्या गॅरेजमध्ये आहे. दर रविवारी फोनवर आधी ईशानची चौकशी होते, मग कॅनची. गेल्या रविवारी मुग्धाने सांगितलं, की त्यातलं पाऊण गॅलन तिने कढीपत्त्याच्या कुंडीला घातलं.

"कुणाला विचारून?" हे म्हणाले.